बकासुराला हार

निगडी प्राधिकरण,
४ ऑगस्ट

चि. स्वानंद,

आशीर्वाद. पत्राच्या पहिल्या ओळीत आशीर्वाद असतात म्हणून लिहिले. आजचे हातातून आले आहेत, मनातून नाहीत.

रविवारची पुरवणी, तुझ्या मुलाखतीची, मी आज वाचली, कारण काल गोजाबाईंनी ती पोळ्यांच्या डब्याखाली घातली होती. तेलाचा डाग बरोबर तुझ्या कपाळावर पडला आहे. ऑगस्टच्या उकाड्यात काळा कोट घालून फोटो काढणाऱ्याला तेवढी शिक्षा हवीच.

‘मी एका राक्षसाच्या पोटात वाढलो.’ केवढ्या अक्षरांत छापलंय! खाली एक ओळ घालायला काय झालं होतं? हा राक्षस म्हणजे आपल्या मंडळाच्या हलत्या देखाव्यातला बकासुर. तो तुझ्या वडिलांनी बनवला, भंगारातल्या वायपरच्या मोटारीवर त्याचा जबडा चालवला. मोटार अडकली की आतून दोरी ओढायला तुला पोटात बसवायचे, आणि आरती झाली, लोक घरी गेले तरी तू बाहेर यायला तयार नसायचास. एवढं सांगितलं असतंस तर लोक हसले असते. आता ते हसत नाहीत, मला लिफ्टमध्ये बघून गप्प होतात. आज गोजाबाईंनी कणीक मळता मळता विचारलं, “बाई, पेपरात आलंय त्यो राक्षस म्हंजी तुमी का साहेब?”

“दोघंही नाही,” म्हटलं.

“मग कपाटात पोराला कोंडायची ती कोन?”

ते मी वाचलंच नव्हतं. त्यांनी तेलाच्या दुसऱ्या डागाखालची ओळ दाखवली. स्वानंद, मी तुला कपाटात कोंडलं? तू स्वतःहून आत बसायचास, आतून कडी नाही म्हणून रडायचास, आणि टॉर्चचे सेल संपले की मला ऑफिसातून येताना आणायला लावायचास. आमच्या शाळेतल्या सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, खोटं दोन प्रकारचं. एक जे सांगितलं ते, आणि दुसरं जे अर्धंच सांगितलं ते. दुसऱ्याला त्या जास्त उठाबशा द्यायच्या.

तुझी आई, आमची पद्मा, गेली तेव्हा तू जेमतेम बोलायला लागला होतास. मी खडकीची खोली सोडून दादाच्या घरी आले ती तुला न्हाऊमाखू घालायला नव्हे, तर तुला माणूस करायला. स्टेनोग्राफीच्या नोकरीत साहेबांच्या चुका दुरुस्त करून दमायचे आणि घरी येऊन तुझ्या. त्याचं फळ काय? तुझ्या प्रत्येक सिनेमात एक उंच, चष्मेवाली, बिनलग्नाची बाई. हातात काळी छत्री. भुतांशी इंग्रजीत बोलते. ‘तेराव्या मजल्यावरची विहीर’मध्ये ती विहिरीतल्या मुडद्यांचे उच्चार सुधारते. ‘सावल्यांचा भंगारवाला’मध्ये स्वतःची सावली विकायची नाही म्हणून भंगारवाल्याला छत्रीनं मारते. ते दृश्य बरं होतं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण परदेशात बक्षीस घेताना ‘ही बाई पूर्ण काल्पनिक आहे’ असं कशाला म्हणालास? आपल्या नात्यात एकालाही ते पटलेलं नाही.

असो. दादानं मुलाखत वाचली नाही. फोटो मात्र बराच वेळ बघितला आणि म्हणाला, “बारीक झालाय.” तुझ्या ‘बोटं’ सिनेमापासून, म्हणजे सात वर्षांत, तुझ्याविषयी त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. ते तुला कळावेत म्हणून हे पत्र. बाकीचं सगळं रागानं लिहिलंय आणि खरं आहे.

तुझी,
विजूआत्या


निगडी,
१९ ऑगस्ट

चि. स्वानंद,

माझ्या पत्राला तू मोबाइलवर एक पिवळा अंगठा पाठवलास. मी तो गोजाबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, “बरं हाय की. कायतरी दिलं.” त्यांच्या पोराचा तेवढाही येत नाही. मी मात्र एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांतली नाही. फोनवर तू ‘हं, हं’ करतोस, म्हणून मी पत्र लिहिते. पत्राला ‘हं’ करता येत नाही असं मला वाटत होतं. तू तेही शोधून काढलंस.

आता मुद्दा. गेल्या आठवड्यात रुपाली नावाच्या तुझ्या मदतनीस मुलीचा फोन आला.

“मॅम, सरांना तो प्रॉप हवाय. तळवड्याच्या शेडमधला.”

“कुठला प्रॉप?”

“तो जायंट, मॅम. तोंड उघडतो तो.”

“त्याला नाव आहे. बकासुर.”

“हो मॅम, बकासुर सर.”

मुलगी गोड आहे आणि तिच्या पोटात काही राहत नाही. फोनवरच, चहा घेता घेता मी सगळं काढून घेतलं. तुझे मागचे दोन्ही हिंदी सिनेमे आपटले. दोनशे माणसांनी संगणकावर बनवलेला तुझा अजगर बघून पोरं घाबरण्याऐवजी फोन बघत बसली. आता निर्माता म्हणतो, हा शेवटचा. आणि तू त्याला सांगून बसलास की या वेळचा राक्षस खरा असेल, चाकणच्या बंद पडलेल्या कारखान्यात तो खराखुरा तोंड उघडेल. दिवाळीच्या आत शूटिंग सुरू झालं नाही तर सिनेमा बंद. बरोबर ना?

मग आता इकडची बाजू ऐक. तळवड्याची शेड तिच्या मालकानं, धनेशनं, बिल्डरला दिली. दसरा झाला की जेसीबी येणार. मंडळाला बकासुर नकोय, त्यांनी एलईडीची भिंत घेतली आहे. तिच्यावर आता ढग फिरतात आणि मधूनच नगरसेवक. भंगारवाला शेडमध्ये येऊन बकासुराच्या मांडीवर टिचक्या मारून गेला. दादानं त्याला हाकललं, पण हाकलून किती दिवस? इथे दोन खोल्यांत मी राहते, दादा राहतो, आणि तुझी न नेलेली पुस्तकं राहतात. बकासुराला जागा नाही.

तेव्हा तुला तो हवाय आणि आम्हाला तो द्यायचाय. सोपं वाटतं. पण मी रुपालीला सांगितलं ते तुलाही सांगते. बकासुर मी रुपालीच्या हाती देणार नाही, टेम्पोवाल्याच्या हाती देणार नाही. तू स्वतः ये, तुझ्या आप्पांच्या समोर उभा राहा आणि तोंडानं माग. नाहीतर दसऱ्यानंतर तो भंगारात जाईल आणि त्याच्यामागून तुझा सिनेमा.

दादाला विचारलं का, म्हणशील. विचारलं. म्हटलं, “स्वानंदला बकासुर हवाय.” तो ताटातली भाकरी मोडू लागला. मग म्हणाला, “जबडा सुकलाय. ग्रीस आणायला पाहिजे.” गेल्या रविवारी बसनं तळवड्याला गेला आणि संध्याकाळी कोपरापर्यंत काळा होऊन आला. या वयात. धुणं मी करते, तू नाही.

एवढा अबोला कशासाठी, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. ताथवड्याच्या मॉलमध्ये ‘बोटं’ लागला तेव्हा दादानं कारखान्याच्या प्रेस शॉपमधल्या सगळ्या जुन्या दोस्तांना हौसेनं नेलं होतं. पडद्यावर पत्रा ठोकणारं प्रेस मशीन माणसाची दोन बोटं खातं आणि त्याची इच्छा पुरी करतं. थिएटर हसत होतं. ज्याच्या उजव्या हाताला खरंच दोन बोटं नाहीत तो माणूस मध्यंतरात उठला आणि सिनेमा सुटेपर्यंत पार्किंगमध्ये उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तू फोनवर म्हणालास, “आप्पांना फँटसी कळत नाही.” तो फोन स्पीकरवर होता, स्वानंद.

ये आणि माग. एवढंच.

विजूआत्या


निगडी,
८ सप्टेंबर

स्वानंद,

आज आशीर्वादसुद्धा नाहीत.

‘कामात आहे, टेम्पो पाठवतो, प्लीज समजून घे.’ तुझा हा निरोप मी वाचला. समजून घ्यायचं काम या घरात मीच करत आले, पण तेही मी अपुरंच केलं असं आता दिसतंय. परवा काय घडलं ते सांगते. उभ्यानं वाचू नकोस.

विसर्जनाच्या आधी मंडळात प्रसादाला गेलो होतो. एलईडीच्या भिंतीवर ढग चालू होते. दादा खुर्चीवर बसला होता, मी शेजारी. तेवढ्यात सयाजी आला. तोच तो, दादाच्या शेजारच्या मशीनवर असायचा, तुला खांद्यावर बसवून बकासुर दाखवायचा. आता त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे बोलतो ते सगळ्या मंडपाला ऐकू जातं.

“काय उद्धवराव! पोराचा सिनेमा परत बघितला राव, टीव्हीवर. बोटांचा. नातवाला दाखवला. म्हटलं बघ, खंडेनवमीला मशीन चालवलं की असं होतंय!”

“मी खंडेनवमीला चालवलं नव्हतं,” दादा म्हणाला.

“आं?”

“चालवलं नव्हतं, सयाजी.”

“राहू द्या की राव आता. पोरानं दाखवलंय ना, हार घातलेलं मशीन चालवलंत ते. घरचाच माणूस, तो काय खोटं दाखवंल?”

दादानं शिऱ्याचा द्रोण खुर्चीखाली ठेवला आणि घरी चालत आला. मी मागून. गुडघे दुखतात, तरी त्याच्या पावलाला पाऊल देत आले. दारात गाठलं आणि विचारलं. मी तुझ्यासारखी नाही, मी विचारते.

आता नीट वाच. तुझा सिनेमा बघताना मी त्या छत्रीवाल्या हडळीवर इतकी संतापले होते की मशीनच्या गळ्यातल्या झेंडूच्या हाराकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. दादानं फक्त तो हार बघितला. बोटांची थट्टा त्याला लागलीच नव्हती. बोटांवर तो स्वतःच विनोद करतो, तुला माहीत आहे. भाजीवालीला ‘आठ रुपये सुटे आहेत माझ्याकडे’ म्हणून हात दाखवायचा. त्याला लागलं ते हे की पडद्यावरच्या माणसानं हार घातलेलं मशीन सुरू केलं.

आपल्या पट्ट्यातल्या कुठल्याही कामगाराला विचार. खंडेनवमीला मशीन पुसायचं, हळदकुंकू लावायचं, हार घालायचा, नारळ फोडायचा, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत बटणाला हात लावायचा नाही. ऑर्डर कितीही तातडीची असो. साहेबसुद्धा त्या दिवशी मशीनसमोर चप्पल काढतात. जो चालवेल त्याच्या हाताचं काही खरं नाही, असं सगळे मानतात. आणि तू तेच दाखवलंस.

दादाची बोटं गेली तो साधा कामाचा दिवस होता. प्रेसवरचा गार्ड, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेला, सुपरवायझरनं काढायला लावला होता, कारण गार्ड असला की माल कमी निघतो. हे दादानं चौकशीत सांगितलं. कंपनीनं कागदावर लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा. तो कागद घेऊन तो घरी आला तेव्हा मी त्याला पाहिलं आहे. त्यानं भांडण केलं नाही, कारण घरात तू होतास आणि नोकरी हवी होती. पण शॉपमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की गार्ड काढलेला होता. ती एवढी इज्जत त्याच्यापाशी उरली होती. तुझा सिनेमा आला, आणि त्याच दोस्तांना खात्री पटली की उद्धवनं देवाचा दिवस मोडला म्हणून बोटं गेली.

एकदा कंपनीनं त्याला दोषी ठरवलं, दुसऱ्यांदा तू. आणि तू कागदावर नव्हे, पडद्यावर.

मी विचारलं, “दादा, सात वर्षं हे सांगितलं का नाहीस?”

तो म्हणाला, “त्यानं विचारलं का?”

टेम्पो पाठवू नकोस. पाठवलास तर परत पाठवीन, रिकामा.

विजयश्री


निगडी,
२५ सप्टेंबर

चि. स्वानंद,

तुझं पत्र मिळालं. कागदावर, पेननं, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. तीनच ओळी, पण अंगठ्यापेक्षा बऱ्या. आशीर्वाद परत सुरू करत आहे.

तू लिहितोस, ‘मला आठवतं तसंच दाखवलं. हार होता. मी पाहिला होता.’ मी आधी हे वाचून पुन्हा पेटले. मग भांडी लावताना मला आठवलं, आणि दादाला विचारून खात्री केली. हार तू खरंच पाहिला होतास.

बोटं गेली ती भाद्रपदात. त्यानंतर महिनाभरानं खंडेनवमी आली. कंपनीत त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे, पेढे द्यायचे, पोरांना बाबांचं मशीन दाखवायचे. दादा रजेवरच होता, पण तुला हट्टानं घेऊन गेला. हाताला हे एवढं बँडेज. आणि त्या बँडेजच्या हातानं त्यानं त्याच प्रेसला हार घातला, तिला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं होतं, “ज्या बयेनं बोटं खाल्ली तिची पूजा?” तर म्हणाला, “तिचा काय दोष? तिचा गार्ड काढला होता.”

तू त्याच्या कडेवर होतास. चार-पाच वर्षांचं पोर. तुझ्यासमोर एकाच वेळी हार होता, मशीन होतं आणि बापाचा बांधलेला हात होता. तू त्याची गोष्ट केलीस. मुलं करतातच. पण मुलं मोठी झाली की कुणाला तरी विचारून घेतात, आणि मग सिनेमा काढतात.

तू एक ऑक्टोबरला येतोस म्हणतोस. सकाळी दहाला पोहोचणार, अकराला निघणार, कारण टेम्पो तासावर आहे आणि संध्याकाळी मुंबईत मीटिंग. कॅलेंडर बघतोस का कधी? एक तारखेला खंडेनवमी आहे. पण आता बदलू नकोस, नाहीतर परत तीन वर्षं सापडणार नाहीस. येताना कोट घालू नकोस. शेडमध्ये ग्रीस आहे.

दादाला सांगितलं. म्हणाला, “अकराला निघणार?” मी म्हटलं, हो. तो गॅलरीत गेला आणि बराच वेळ नेलकटरशी खेळत बसला.

काही बोलायचं सुचलं नाही तर निदान चहा माग. चहा मागितला की तो बसतो.

विजूआत्या


निगडी,
१२ ऑक्टोबर

चि. स्वानंद,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे मोजे दोरीवर आहेत, चार्जर फ्रिजवर आहे. टेम्पोचा ड्रायव्हर बंटी त्याचा टॉवेल विसरून गेला, तोही धुऊन ठेवला आहे. एका तासासाठी आलेली माणसं दोन दिवस राहिली की असंच होतं.

दादा सकाळी सहालाच चाकणला निघाला. तुमची गाडी नाक्यावर येते म्हणून पाच वाजल्यापासून मला पोळ्या लाटायला लावल्या. जेवण सेटवर मिळतं असं रुपालीनं हजारदा सांगितलं, पण कामावर डबा न्यायचा असतो म्हणे. तो तिथे काय करतो ते तूच बघतोस. इथे येऊन सांगतो ते मी ऐकते: तुझा कॅमेरावाला जबड्याच्या अगदी पुढ्यात उभा राहतो, त्याला हटवलं, जबड्यापुढे पिवळी पट्टी मारून घेतली, आणि तुम्ही बकासुराला नवी मोटार लावायला निघाला होतात, ती परत पाठवली. “पोरगं ऐकतं,” असंही काल म्हणाला. हे मी लिहिलं नाही असं समज.

छत्रीवाल्या बाईचे संवाद रुपालीनं वाचून दाखवले. तिचं इंग्रजी भयंकर आहे. भूत पळून जाईल ते घाबरून नाही, व्याकरणानं. पानं इकडे पाठव, मी लाल पेननं करून देते. मानधन नको. नाव मात्र घाल, आणि काल्पनिक म्हणू नकोस.

तुम्ही दोघं शेडमध्ये बसलात तेव्हा मी चहा घेऊन दाराशी होते. मी ऐकत नव्हते, ऐकू येत होतं. तू “आप्पा, गार्ड कसा असायचा?” असं विचारलंस, आणि तो रिकाम्या तेलाच्या डब्यावर हात ठेवून दाखवत बसला, कुठून गार्ड यायचा, कुठं हात राहायचा. चहा गार झाला म्हणून मी तो परत गरम करून आणला. बाकी जे बोललात ते तुमचं.

आता एक गोष्ट, जी तुला माहीत नाही. ती सांगायला हे पत्र.

तू दहाला आलास, बकासुराच्या गळ्यात झेंडूचा हार बघितलास, कपाळावर हळदकुंकू बघितलंस, आणि दादा म्हणाला, “आज हार घातलाय. आज हलवायचा नाही. उद्या.” तू बंटीकडे बघितलंस, घड्याळाकडे बघितलंस, तोंड उघडलंस. मग मागच्या पत्रातलं आठवलं असेल, मिटलंस. बाहेर जाऊन मुंबईला फोन केलास. मला वाटलं होतं तू वाद घालशील. घातला नाहीस, हे मी नोंद करून ठेवलं आहे.

पण स्वानंद, इतक्या वर्षांत दादानं बकासुराला कधीही हार घातलेला नाही. मंडळाची पोरं खंडेनवमीला शेडमध्ये हार घेऊन यायची तर तो त्यांना ओरडायचा. “हार हत्याराला. हे सोंग आहे, सोंगाला हार नसतो.” या वर्षी सकाळी आठ वाजता मला उठवून झेंडू आणायला पिटाळलं. वर, “मोठा आण, त्याची मान जाड आहे.” मी आणला. तुझा टेम्पो वळणावर दिसला तेव्हा तो शिडीवर चढून हार बांधत होता, आणि मी खाली शिडी धरून जीव मुठीत घेऊन उभी होते.

परवा मी त्याला धरलंच. म्हटलं, “दादा, सोंगाला कधीपासून हार?”

“मोटार आहे की त्यात. मशीनच झालं.”

“मोटार तर पहिल्यापासून आहे. मग इतकी वर्षं का नाही घातलास?”

त्यानं डब्याचं झाकण घट्ट बसवलं, पिशवीत ठेवला, आणि चपला घालता घालता म्हणाला,

“इतकी वर्षं त्याला कुणी न्यायला आलं नव्हतं.”

तुझी,
विजूआत्या